लिलावाचे रसग्रहण

बँकेत ‘लिलाव’ हा शब्द मोठ्याने उच्चारू नये असा एक संकेत आहे. तसं परिपत्रक नाही. परिपत्रकं इतकी समजूतदार नसतात. पण सोनेतारण कर्ज थकलं, नोटिसा जाऊन परत आल्या, आणि वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर मुंगीएवढ्या टायपात ‘जाहीर लिलाव’ छापून आला, की ज्याच्या पाटल्या त्यात असतात तो गृहस्थ महिनाभर काउंटरकडे फिरकत नाही. बायकोला सांगतो, पाटल्या पॉलिशला दिल्यात. आमच्या शहापूर तालुक्यात कुणाच्या घराचा लिलाव झाला हे सांगताना माणसं अजूनही आवाज खाली आणतात, मयताची वर्दी द्यावी तसा.

आणि २०१४ साली अघटित घडलं. प्रो कबड्डी लीग नावाचा प्रकार सुरू झाला आणि चांगली धडधाकट, कुणाचं एक पैचं देणं नसलेली माणसं आपल्या पायांनी लिलावात जाऊन उभी राहिली. नुसती उभी राहिली नाहीत, तर हातोडा पडल्यावर त्यांच्या घरी पेढे वाटले गेले. “आमचा मुलगा लिलावात गेला हो!” असं सांगताना बापाचा ऊर भरून आलेला मी टीव्हीवर पाहिला, आणि बावीस वर्षं बँकेत काढलेला माझ्यासारखा माणूस सोफ्यावरून घसरला. माझ्या धंद्यातला सगळ्यात अशुभ शब्द या पोरांनी शुभ करून टाकला होता.

तेव्हापासून हा लिलाव मी दरवेळी पाहतो. सामने चुकले तर चुकले, लिलाव चुकवत नाही. लोक नाटकांची परीक्षणं लिहितात, सिनेमांची लिहितात, साहित्य संमेलनाच्या जेवणाचीसुद्धा लिहितात. पण ज्या प्रयोगात दोन दिवसांत कोट्यवधी रुपये इकडचे तिकडे होतात त्याचं परीक्षण कुणी लिहीत नाही. ही उणीव भरून काढण्याचा अधिकार कॉमर्सच्या पदवीधराचा नाही तर कुणाचा?

आता परीक्षणाच्या रिवाजाप्रमाणे आधी नेपथ्य. गोल टेबलं, टेबलांवर पाण्याच्या बाटल्या, बाटल्यांमागे संघमालक, मालकांच्या शेजारी प्रशिक्षक, आणि प्रशिक्षकांच्या शेजारी लॅपटॉप घेतलेला एक फिकट तरुण. हा तरुण संपूर्ण प्रयोगात एक अक्षर बोलत नाही, पण माझं लक्ष त्याच्यावरून हलत नाही, कारण तो आमच्या जातीचा. पैसे किती उरले हे फक्त त्यालाच ठाऊक असतं. मालक जोशात हात वर करतो तेव्हा या पोराच्या चेहऱ्यावर जी छाया पसरते ती मी ओळखतो. मार्चअखेरीला आमच्या शाखेत सगळ्यांच्याच चेहऱ्यावर असते.

कथानक साधं आहे. प्रत्येक संघाकडे ठरावीक रक्कम. अलीकडच्या मोसमांत पाच कोटी. तेवढ्यात किमान अठरा खेळाडू बसवायचे. त्यातले मैदानात सात. त्या सातांत दोन-तीन चढाई करणारे, बाकीचे पकड करणारे. उत्कंठावर्धक भाग असा, की बोली संपत आली असं वाटत असताना खेळाडूचा जुना संघ एक कार्ड वर करतो आणि शेवटच्या बोलीइतकी रक्कम भरून त्याला परत घेऊन जातो. संगीत नाटकात लग्नाच्या अक्षता पडायच्या वेळी “थांबा!” म्हणून कुणीतरी शिरायचं, त्याचीच ही सुधारून वाढवलेली आवृत्ती.

दोष एकच, पण मोठा. सगळे पैसे पहिल्या अंकात संपतात. चढाईबहाद्दराचं नाव पुकारलं की सभागृहात वीज खेळते, टेबलं एकमेकांवर गुरगुरतात, आकडा लाखांतून कोटींत जातो. मग डावा कोपरा, उजवा कोपरा, मध्यरक्षक अशी पकडीची मंडळी येतात, तोवर अनेक मालक फोनवर असतात. पंगतीत शेवटी बसलेल्यांना आमटीचं नुसतं पाणी मिळावं तसा हा प्रकार. म्हणून या परीक्षणाचा प्रश्न एवढाच की पहिल्या पंक्तीला इतकं वाढावं का?

जरा जुने हिशेब काढू. पहिल्या लिलावात, २०१४ साली, सगळ्यात जास्त भाव राकेशकुमारला मिळाला. पाटणा संघानं त्याला १२ लाख ८० हजारांना घेतलं. तेव्हा आम्हाला ती रक्कम ऐकून घेरी आली होती. २०१७ साली नितीन तोमर ९३ लाखांना गेला. पुढच्याच वर्षी मोनू गोयत हरयाणा स्टीलर्सकडे १ कोटी ५१ लाखांना, आणि त्या एका लिलावात सहा जणांनी कोटीची रेषा ओलांडली. आमच्या मुंबईचा रिशांक देवाडिगा त्यांतला एक. १ कोटी ११ लाख. २०२१ ला परदीप नरवाल १ कोटी ६५ लाख, २०२२ ला पवन सेहरावत २ कोटी २६ लाख, आणि २०२३ ला तोच पवन तेलुगू टायटन्सकडे २ कोटी ६० लाख ५० हजार. या नऊ वर्षांत आमचा महागाई भत्ता किती वाढला हे इथे सांगत नाही. हा विनोदी लेखसंग्रह आहे, शोकसंग्रह नव्हे.

आता या ठेवींवर व्याज किती मिळालं ते बघा. दीड कोटींच्या मोनू गोयतचा हरयाणा त्या मोसमात आपल्या गटात शेवटचा. अडीच कोटींवरच्या पवनचा तेलुगू टायटन्स २०२३-२४ मध्ये सगळ्या बारा संघांत शेवटचा. बिचाऱ्या पवनने कामचुकारपणा केला असंही नाही. तो खोऱ्यानं गुण ओढत होता. पण तो ओढत होता आणि बाकीचे सांडत होते. पाच कोटींतून २ कोटी ६० लाख ५० हजार गेले, म्हणजे बावन्न टक्के एका माणसावर. उरलेले २ कोटी ३९ लाख ५० हजार किमान सतरा जणांत वाटा. सरासरी डोई चौदा लाख पडतात. हे मी लॅपटॉपशिवाय, लिलाव चालू असताना, वीजबिलाच्या मागच्या बाजूवर केलं. त्या फिकट तरुणानंही केलं असणारच. पण त्याला विचारतो कोण?

सगळ्यात बोलकी गोष्ट त्याच्या आदल्या मोसमातली. तमिळ थलायवाज संघानं पवनवर २ कोटी २६ लाख लावले आणि पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला. मोसम संपला. आमच्याकडे अशा कर्जाला ‘बुडीत’ म्हणतात आणि शाखाधिकाऱ्याची बदली करतात. पण झालं काय? नरेंदर नावाचा एक नवखा पोरगा चढाईला पुढे आला, त्यानं मोसमात दोनशेहून अधिक गुण मिळवले, आणि तोवर कधीही बाद फेरीचं तोंड न पाहिलेला तो संघ थेट उपांत्य फेरीत गेला! आता यातून काय बोध घ्यायचा? महागडा खेळाडू घेऊन त्याला पहिल्या दिवशी घरी बसवावं असा? मालकलोक एवढे श्रीमंत असले तरी एवढे विनोदी नसतात.

मूळ मेख कबड्डीच्या नियमांत आहे, आणि ती समजायला कुठलीही पदवी लागत नाही, बँकेच्या रांगेत एकदा उभं राहिलं की पुरे. चढाई करणारा पकडला गेला की बाहेर जाऊन बसतो. तो परत कधी येणार? आपल्या बाजूनं समोरचा कुणी बाद केला की. आणि येतानाही क्रम असतो, जो आधी बाद तो आधी जिवंत. तुम्ही दोन कोटींचे असा नाही तर नऊ लाखांचे, टोकन नंबर पुकारला जाईपर्यंत बाकावर बसायचं! मला या खेळाचं सगळ्यात आवडतं तत्त्व तेच. आमच्या शाखेतसुद्धा ते इतक्या काटेकोरपणे पाळलं जात नाही. पुढाऱ्याचा पुतण्या आला की टोकन क्रमांक सत्तावीसच्या आधी एकशे चार लागतो.

तर हा दोन कोटींचा माणूस बाकावर बसलेला असताना त्याला उठवणार कोण? डाव्या कोपऱ्यातला तो घोटा धरणारा. प्रतिस्पर्धी निदानरेषेपर्यंत आला, पाय लांबवला, की हा वाघासारखा घोट्याला झोंबणार, मग बाकीचे साखळी करून अंगावर पडणार, आणि त्या ढिगाऱ्यातून आपला तारा पुन्हा आकाशात. म्हणजे ताऱ्याचा प्रत्येक मिनिट कोपऱ्यानं विकत घेऊन दिलेला असतो. चाळीस मिनिटांचा खेळ, तीस-तीस सेकंदांच्या चढाया. त्यातली दहा मिनिटं जरी तो बाकावर बसला तरी त्याच्या पगाराचा चौथा हिस्सा बाकाला दिला म्हणायचं. इतकं महाग फर्निचर आमच्या हेड ऑफिसातही नाही.

बँकेत हेच चालतं म्हणून मला हे चटकन कळलं असावं. आमच्याकडे कर्जवाटप करणारे ते चढाईबहाद्दर. झपाट्यानं जातात, टिपून येतात, वार्षिक समारंभात शाल-श्रीफळ घेतात, फोटो निघतो. वसुली करणारे ते पकडीचे. दिवसभर दुसऱ्याच्या पायाशी, घोटा सोडायचा नाही, शिव्या खायच्या, आणि निसटला तर “तुम्ही करत काय होतात?” असं ऐकायचं. माझ्या नोकरीत मी एकाही वसुलीवाल्याला शाल मिळालेली पाहिली नाही. एकाला एकदा घोंगडी मिळाली होती, तीही थकबाकीदाराकडून जप्तीत.

पुण्याच्या संघाचं मात्र कौतुक करायला हवं. (ठाणे जिल्ह्यातल्या माणसानं पुण्याचं कौतुक करणं ही घटना वेगळी नोंदवून ठेवावी.) २०२२ साली सगळे पवनच्या मागे धावत असताना पुणेरी पलटणनं इराणचा फझल अत्राचली घेतला, १ कोटी ३८ लाखांना. फझल कोण? डावा कोपरा! पलटण अंतिम फेरीत गेली. पुढच्या वर्षी दुसरा इराणी, मोहम्मदरेझा शादलुई, २ कोटी ३५ लाखांना. हा अष्टपैलू म्हणवतो, पण त्याचा खरा जीव कोपऱ्यात. आणि चढाईला? आपलीच, तयार केलेली पोरं. अस्लम इनामदार, आकाश शिंदे, पंकज मोहिते. अस्लम कप्तान. १ मार्च २०२४ ला त्यांनी हरयाणाला २८-२५ असं हरवून करंडक नेला. त्यानंतर शादलुईला हरयाणानं २ कोटी ७ लाखांना उचललं, आणि त्या वर्षीचं विजेतेपद हरयाणाला! पुणेकरांची काटकसर मी आयुष्यभर चेष्टेवारी नेली आहे. पण पैसा पुढच्या दाराच्या रोषणाईवर न घालता मागच्या दाराच्या कडीवर घालायचा, ही दृष्टी पेठेतच तयार होऊ शकते.

इथे एखादा वाचक म्हणेल, “अहो, मग परदीपचं काय?” बरोबर आहे. हिशेबात खाडाखोड चालत नाही, ते सांगायलाच हवं. परदीप नरवाल पाटण्यात होता तोवर त्या संघानं २०१६ आणि २०१७ मिळून लागोपाठ तीन विजेतेपदं घेतली. २०१७ मध्ये त्यानं एका मोसमात ३६९ गुण केले, आणि त्यात हरयाणाविरुद्ध एकाच सामन्यात चौतीस. ती डुबकी आठवते? समोरचे तिघं वरून झेपावताहेत आणि हा खालून, आजीच्या खाटेखालून पोरगं निसटावं तसा निसटतोय! असा माणूस मिळाला तर अर्धी थैली काय, मीसुद्धा भविष्यनिर्वाह निधी मोडला असता. पण गंमत पाहा. २०२१ ला पाटण्यानं त्याला जाऊ दिलं. उत्तर प्रदेशच्या संघानं १ कोटी ६५ लाख मोजले. दोन्ही संघ उपांत्य फेरीत समोरासमोर आले, आणि जिंकलं पाटणा. पाटण्याच्या डाव्या कोपऱ्यात तेव्हा कोण होता? तोच शादलुई, नवा नवा आलेला. आणि २०२५ च्या लिलावात परदीपचं नाव पुकारलं गेलं तेव्हा एकही टेबल हललं नाही. त्यानं निवृत्ती जाहीर केली. तो लिलाव पाहताना मला पहिल्यांदा आमच्या शाखेतली ती जुनी शांतता आठवली, आतल्या पानावरच्या बारीक टायपाची.

कोपऱ्यांनाही नेहमीच फळ येतं असं नाही, हेही सांगून टाकतो. २०२५ साली शादलुईला गुजरातनं २ कोटी २३ लाखांना घेतलं आणि बंगालनं देवांक दलाल या चढाईबहाद्दराला २ कोटी २० लाख ५० हजारांना. पहिल्या आठांत दोघांपैकी एकाचाही संघ नव्हता. जिंकली दिल्ली. त्यांचा कप्तान आशू मलिक, चढाईवालाच, त्यांनी ते कार्ड वापरून १ कोटी ९० लाखांना घरातला घरात ठेवलेला. म्हणजे पाहुणा महाग पडतो, घरचा पुरतो. आणि त्याच दिल्लीच्या डाव्या कोपऱ्यात, पस्तिशीकडे झुकलेला, आपला फझल!

माझा एक भाचा न्यू जर्सीत असतो. त्याला हे सगळं मी फोनवर ऐकवलं तर तो म्हणाला, “मामा, इकडे सेम भांडण आहे.” तिकडच्या फुटबॉलमध्ये, म्हणजे ज्यात पायाचा संबंध फारसा येत नाही त्या फुटबॉलमध्ये, लांब फेकलेला चेंडू धावत जाऊन झेलणारे असतात. लोकांचे लाडके, जाहिरातींत तेच, आणि पैसेही त्यांना तसेच. तिथेही थैली ठरलेली. कॅन्सस सिटीच्या संघाकडे टायरिक हिल नावाचा असा एक वाऱ्यासारखा पळणारा होता. २०२२ च्या मार्चमध्ये त्यांनी त्याला मायामीला देऊन टाकलं आणि बदल्यात पाच नवी पोरं निवडायचा हक्क घेतला. मायामीनं त्याच्याशी चार वर्षांचा बारा कोटी डॉलरचा करार केला. कॅन्सस सिटीच्या लोकांनी कपाळावर हात मारून घेतला असेल. आणि २०२३ आणि २०२४, लागोपाठ दोन्ही वर्षी अजिंक्यपद कॅन्सस सिटीला! मी भाच्याला विचारलं, “अरे, पण मग झेललं कुणी?” तो म्हणाला, “मामा, फेकणारा त्यांनी सोडला नव्हता ना.” पॅट्रिक महोम्स त्याचं नाव. थोडक्यात, वरात थाटात निघायला घोडा नवा चालतो, नवरा तोच लागतो.

आता मी जिथे राहतो त्या भातसानगराविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. आमच्या गावाचं नावच धरणावरून पडलेलं. मुंबईला पाणी देणारे तलाव सात. पावसाळ्यात वर्तमानपत्रात त्यांचा साठा रोज छापून येतो, शेअरबाजारासारखा. सातांची मिळून क्षमता सुमारे १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर, आणि एकट्या भातसाची ७ लाख १७ हजार. म्हणजे जवळजवळ पन्नास टक्के. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मला एकदम वीजबिलाच्या मागचा हिशेब आठवला. तेलुगू टायटन्सनं पवनवर बावन्न टक्के लावले, मुंबईनं भातसावर पन्नास! सात जणांच्या संघात निम्मा खेळ एकट्याच्या जिवावर. विहार आणि तुळशी हे दोन म्हातारे राखीव बाकावर नावापुरते, संघाच्या फोटोसाठी.

फरक इतकाच की आमच्या या ताऱ्याला लिलावात कुणी पुकारलं नाही. पाणी धरणातून सुटतं, नदीनं पिसे बंधाऱ्यापर्यंत जातं, तिथून उपसून पांजरापूरला शुद्ध होऊन मुंबईच्या नळाला येतं. आणि एप्रिल-मे आला की आमच्याच तालुक्यातल्या गावपाड्यांवर टँकरची वाट पाहत हंडे रांगेत बसतात. तानसा आमच्या तालुक्यात, मोडकसागर आमच्या तालुक्यात, भातसा आमच्या तालुक्यात. लोण मुंबईनं चढवायचा, आणि घोटा धरून पडलेले आम्ही! माझ्या अंधेरीच्या साडूला हे मी एकदा सांगितलं. तो शॉवरखालून ओरडला, “काय म्हणतोस? ऐकू येत नाही.”

विषय कबड्डीचा चालला आहे, तर आणखी एक आठवण नोंदवतो. कारण ती फारशी कुणी काढत नाही. कोटी रुपयांचा आकडा या खेळात पुरुषांनी आणला असा समज आहे. साफ चूक. २०१२ साली पाटण्याला महिलांचा विश्वचषक झाला, भारतानं इराणला हरवून तो जिंकला. संघात महाराष्ट्राच्या तिघी होत्या, सुवर्णा बारटक्के, दीपिका जोसेफ, अभिलाषा म्हात्रे. राज्य सरकारनं प्रत्येकीला एक कोटी रुपये दिले. दोन वर्षांनी पुरुषांच्या पहिल्या लिलावातला सगळ्यात मोठा आकडा किती? १२ लाख ८० हजार! २०१६ मध्ये पुरुषांच्या लीगबरोबर महिलांची एक तीन संघांची छोटी स्पर्धा झाली. ती काही पुढे चालली नाही. म्हणजे ज्यांनी कोटीची रेषा सगळ्यांत आधी ओलांडली त्यांच्यासाठी अजून पहिल्या अंकाचा पडदाही नीट वर गेलेला नाही. परीक्षक म्हणून मला हा प्रयोगाचा सगळ्यात मोठा दोष वाटतो, पहिला दोष एकच आहे असं मी वर म्हटलं असलं तरी.

आता प्रश्न उरतो तो, ताऱ्याला पैसे द्यावेत की नाही. जरूर द्यावेत. सिद्धार्थ देसाईचंच बघा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगडकडचा गडी. २०१८ मध्ये यू मुंबानं त्याला ३६ लाख ४० हजारांना घेतलं, आणि त्यानं पहिल्याच मोसमात दोनशेच्या वर गुण करून दाखवले. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सनं १ कोटी ४५ लाख मोजले. चौपट! कुणी म्हणेल, संघाला काय मिळालं? बाद फेरी गाठली नाही, आणि त्याला सोडलेला यू मुंबा मात्र उपांत्य फेरीत गेला, हे खरं. पण त्या पोराच्या बाजूनं बघा. या खेळात उमेदीची वर्षं असतात किती? सात, फार तर आठ. गुडघ्याचा एक धागा तुटला की खातं बंद. पूर्वी चांगल्या खेळाडूला बँक, रेल्वे, पोलीस, तेल कंपनी यांत नोकरी मिळायची आणि तो अठ्ठावन्न-साठपर्यंत निर्धास्त व्हायचा. आमच्या शाखेत असे एकजण होते. कॅशच्या पिंजऱ्यात बसायचे. नोटांचं बंडल घसरलं तर जमिनीला टेकायच्या आत टिपायचे. तो पगार हळूहळू, पण आयुष्यभर होता. हा एकदम, पण उन्हाळ्यातल्या ओढ्यासारखा. म्हणून ज्याच्या हाती ओढा आहे त्यानं हंडे भरून घ्यावेत. माझी तक्रार ताऱ्याच्या हंड्याबद्दल नाही, ओढ्याला एकच फाटा काढणाऱ्या मालकाबद्दल आहे. थैलीतला तिसरा हिस्सा चढाईला, तिसरा दोन्ही कोपऱ्यांना, आणि उरलेल्यातून बाकीच्यांची तोंडं सुकणार नाहीत इतपत; माझ्या हाती लॅपटॉप दिला तर मी याच्या पलीकडे हातोडा पडू देणार नाही. अर्थात म्हणूनच तो माझ्या हाती कुणी देत नाही.

तरी एकदा दिला होता. लॅपटॉप नव्हे, दोनशे पानी वही. आमच्या शेजारच्या गावातलं कबड्डीचं मंडळ, रात्रीच्या प्रकाशझोतातल्या स्पर्धेत उतरणार होतं. “काका, तुम्ही बँकेतले, हिशेब तुम्हीच ठेवा,” असं म्हणून पोरांनी मला खजिनदार केलं. वर्गणी जमली बेताची. अध्यक्षांचं म्हणणं, कल्याणकडून एक नावाजलेला चढाईवाला एका रात्रीसाठी आणू, जवळजवळ सगळे पैसे त्याला देऊ, पण कप आपलाच. ही पद्धत आमच्याकडे नवी नाही. लीगवाल्यांनी लिलाव काढला त्याच्या कितीतरी आधीपासून आमच्या गावांतून एका रात्रीचे तारे भाड्यानं येतात आणि पहाटेच्या कसारा लोकलनं परत जातात.

अडचण इतकीच होती की आमचा डावा कोपरा दुखावला होता. पोरगा दिवसा आसनगावकडच्या एका कारखान्यात कंत्राटावर जायचा, संध्याकाळी मैदानात. गुडघ्यावर सूज. डॉक्टरांनी फोटो काढायला सांगितला होता, साधा नव्हे, महागातला. तो पोरगा काही बोलत नव्हता. कोपऱ्यातली माणसं बोलत नाहीतच. बोलली त्याची आई. देवळापाशी मला गाठून म्हणाली, “भाऊ, त्याचा पाय गेला तं कंत्राटदार दुसऱ्या दिवशी दुसरा मानूस लावल.” बैठकीत मी वही उघडून सांगितलं की एवढ्यात दोन्ही बसत नाही. चढाईवाला किंवा गुडघा. अध्यक्ष म्हणाले, “साहेब, गुडघ्यानं कप येत नाही.” पाच जण इकडे, पाच जण तिकडे. मग कुणीतरी म्हणालं, त्या चढाईवाल्यालाच फोन लावून कमी-जास्त विचारू.

फोन सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. अध्यक्षांनी रक्कम सांगितली. पलीकडून त्यानं रकमेचं काहीच विचारलं नाही. म्हणाला, “दादा, डाव्या कोपऱ्याला कोण आहे?” अध्यक्षांनी पोराचं नाव सांगितलं आणि जरा चाचरत म्हणाले, पाय थोडा दुखतोय त्याचा. पलीकडे क्षणभर शांतता. मग तो म्हणाला, “तो उभा राहणार असंल तर निम्म्यात येतो. तो नसंल तर दुप्पट दिलं तरी येत नाही. मला बाहेर बसवून ठेवायला मी कल्याणहून कशाला येऊ?”

गुडघ्याचा फोटो निघाला. दुखणं मोठं नव्हतं, पट्टा बांधून आठ दिवस विश्रांती, एवढ्यावर भागलं. स्पर्धेत आम्ही उपांत्य फेरीत हरलो, आणि तेही दोन गुणांनी. वर्षअखेरीला वही तपासायला गावातले निवृत्त शिक्षक आले. त्यांनी चष्मा पुसून एका ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, दवाखान्याचा खर्च ‘चढाई’ या सदराखाली कसा?

मी म्हटलं, गुरुजी, बरोबर जागी आहे. पुढची ओळ बघा.